आठ सेंटिमीटर

मी बोटी तपासणारा सर्व्हेयर. गेल्या फेब्रुवारीत एका नव्या मोटर यॉटचे मूल्य मी ४ कोटी ८५ लाख रुपये असे लिहून दिले. बांधणाऱ्या यार्डाचे बिल कर वगळून ६ कोटी ३५ लाखांचे होते. बँकेला अहवाल पोचला, मालकाचा फोन आला, यार्डाच्या व्यवस्थापकाने बोलणे टाकले, आणि हे सगळे या धंद्यात ठरलेलेच असते. मला मात्र त्या अहवालातली एकच ओळ अजून सोडत नाही. ती सुतारकामाची आहे.

बोट मांडवी नदीकाठच्या एका यार्डात बांधलेली. लांबी १४.६ मीटर, रुंदी ४.४ मीटर, फायबरचा सांगाडा, ४८० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने, खाली तीन खोल्या, मधल्या मजल्यावर दिवाणखाना आणि वर उघडी गच्ची. करारात कमाल वेग २४ नॉट आणि निम्म्या भाराचे वजन १६ टन लिहिलेले होते. शेवटचा हप्ता सोडण्याआधी बँकेला माझा अहवाल हवा होता. बँकेच्या छापील नमुन्यात चेसिस क्रमांकाचा आणि ‘किती किलोमीटर धावली’ असा रकाना आहे. वीस वर्षे मी तिथे ‘लागू नाही’ असे लिहितो आहे आणि वीस वर्षांत तो नमुना कोणी बदललेला नाही.

नव्या बोटीची तपासणी सोपी असते असा बाहेरच्यांचा समज असतो. जुन्या बोटीत दोष डोळ्यांना दिसतात, नव्या बोटीत ते पॉलिशच्या मागे असतात. म्हणून मी बोटीवर पाय ठेवण्याआधी लहान होडी मागवून तिच्याभोवती एक फेरी मारतो, आणि तीही पहाटे, भरती थांबून ओहोटी सुरू होण्याच्या मधल्या वेळेत, जेव्हा पाणी आरशासारखे असते. बाटलीभर पाणी काढून घनतामापक बुडवला. तो १.०१९ वर थांबला, म्हणजे समुद्राच्या १.०२५ पेक्षा पाणी किंचित गोडे, म्हणजेच बोट पाव सेंटिमीटर जास्त बुडणार. तेवढे सोडून द्यायचे. शेवाळरोधक निळा रंग पाण्याच्या वर अगदी सारखा दिसत होता, आणि तो तसा दिसत होता हेच मला खटकले. बोटीचा तळ साच्यातून निघतो तेव्हा आराखड्यातली पाण्याची रेघ त्या साच्यातच कोरलेली असते आणि ती जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, केसाएवढ्या खाचेसारखी उमटते. मी बाही वर करून हात पाण्यात घातला आणि नखाने चाचपत खाली गेलो. बोटीच्या मध्यावर ती खाच पाण्याच्या पातळीखाली आठ सेंटिमीटरवर सापडली. मागच्या टोकाला अकरा, पुढे नाळेकडे पाच. रंगाऱ्याने रेघ बोटीला जुळवून वर सरकवली होती. त्याला तसे कोणी सांगितले ते मी विचारले नाही.

या आकाराच्या बोटीला एक सेंटिमीटर बुडवायला साधारण ४०० किलो लागतात. आठ सेंटिमीटर म्हणजे तीन टन दोनशे किलो. टाक्यांमधले डिझेल आणि पाणी करारातल्याइतकेच, माणसे कोणी नाहीत. सोळा टनांची बोट एकोणीस टनांच्या वर गेलेली होती आणि अजून मी तिच्यावर चढलो नव्हतो.

समुद्रावरची चाचणी आग्वादच्या पुढे, वाळूच्या दांड्याबाहेर घेतली. दुपारी वायव्येचा वारा उठतो, म्हणून सकाळीच निघालो. वेग मोजताना एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा विरुद्ध धावून सरासरी काढायची असते. विक्रेते नेमकी पहिली धाव लक्षात ठेवतात. सरासरी २० नॉट भरली. पण मला वेगापेक्षा इंजिनाचे फेरे महत्त्वाचे वाटतात. पूर्ण जोर दिल्यावर या इंजिनांनी मिनिटाला २,३०० फेरे घ्यायला हवेत. ती २,११० वर अडली, आणि भार मात्र शंभर टक्के दाखवत होती. चढणीवर चौथ्या गिअरमध्ये रेटलेल्या ट्रकची जी अवस्था असते तीच. परत आल्यावर मागच्या पांढऱ्या फळीवर दोन्ही धुराड्यांभोवती काजळीचे पंखे उमटलेले होते. व्यवस्थापक ते फडक्याने पुसायला धावला, तोवर मी फोटो घेतले होते.

नाळ इतकी वर उचललेली होती, की समोरचे पाणी पाहायला तांडेल चवड्यांवर उभा राहिला. अशी बोट तीन-चार अंशांवर पाण्यावर चढून पळायला हवी. ही सात अंशांच्या खाली आलीच नाही. मालकाचे दोन पाहुणे वर गच्चीवर उभे होते आणि त्यांना तो कोन फार आवडला, कारण जाहिरातीत बोटी अशाच दिसतात.

तिसऱ्या दिवशी झुकावाची, म्हणजे बोट किती सहज कलते ते मोजण्याची, चाचणी घेतली. दोर ढिले, तळातले पाणी उपसलेले, टाक्या एक तर तुडुंब नाहीतर रिकाम्या, कारण अर्धवट टाकीतले पाणी हलून सगळा हिशेब खोटा पाडते. पंचवीस किलोच्या वाळूच्या सोळा गोण्या काट्यावर एकेक तोलून घेतल्या आणि डावीकडून उजवीकडे तीन मीटर हलवल्या. दिवाणखान्यात जिन्याच्या पोकळीत दीड मीटरचा ओळंबा सोडला होता, त्याचे टोक तेलाच्या बादलीत, म्हणजे लोलक लवकर स्थिर होतो. आराखड्याप्रमाणे ओळंबा साडेआठ सेंटिमीटर सरकायला हवा होता. तो पावणेबारा सरकला. बोट उलटेल असा त्याचा अर्थ नाही, पण वजन वाढले ते चुकीच्या उंचीवर वाढले असा आहे. आयएसओ १२२१७ या बोटींच्या स्थैर्याच्या मानकाप्रमाणे हिशेब पुन्हा मांडला तेव्हा बी वर्गासाठी, म्हणजे ८ बोफर्ट वारा आणि ४ मीटर लाटांसाठी आखलेली बोट सी वर्गात आली. तिथे मर्यादा ६ बोफर्ट आणि २ मीटरची. शिवाय गच्चीवर एका वेळी सहापेक्षा जास्त माणसे नकोत, असे मला लिहावे लागले. मालकाने ती बोट गच्चीवरच्या मेजवान्यांसाठीच बांधून घेतली होती.

मग तीन टन दोनशे किलो शोधायचे काम उरले. गच्चीवरचे पक्के छप्पर आणि दगडी बार यांत अर्धा टन निघाला. दोन सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला चोपन्न किलो भरतो, तो स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात होता, तिथे ४०० किलो. फायबर घालणाऱ्या कामगारांनी ‘मजबुतीसाठी’ जागोजागी एक थर जास्त घातला होता आणि रेझिन सढळ हाताने ओतले होते, ते आठशे. बॅटऱ्या आणि दुसरा जनरेटर तीनशे. आराखडे काढणारा नौकारचनाकार एकदाही यार्डात आला नव्हता आणि चढत्या वजनाची वही कोणी ठेवली नव्हती. मोजून जोडलेल्या वस्तूंची वही ठेवणे हे शंभर रुपयांचे काम आहे, आणि आपल्या यार्डांत ते कोणी करत नाही.

बाराशे किलो उरले. ते सुतारकामात होते.

मालवणकडचे एक मेस्त्री दोन मुलग्यांसह दीड वर्ष त्या बोटीत काम करत होते. तरुणपणी त्यांनी लाकडी होड्या बांधल्या होत्या, ज्यांना समुद्रात सरळ उभे राहायला तळात नीरम, म्हणजे वजन, घालावे लागायचे. मी नकाशांच्या टेबलाचा वरचा खण आत ढकलला, तर आतल्या दाबलेल्या हवेने खालचा खण आपोआप बोटभर बाहेर आला. असे बसणारे खण मी या किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत. भिंतींचे तक्ते वीस मिलिमीटर जाडीच्या अस्सल सागाचे, एका ओंडक्यातून कापून ओळीने लावलेले, त्यामुळे दिवाणखान्याच्या डाव्या भिंतीवरची शिर, म्हणजे लाकडातली रेघ, तुटता तुटता उजव्या भिंतीवर पुन्हा लागते. असा तक्ता चौरस मीटरला तेरा किलो भरतो. मधमाशांच्या पोळ्यासारख्या हलक्या गाभ्यावर सागाचे पातळ पान चिकटवलेला तक्ता तीनेक किलोत होतो, आणि आराखड्यात तोच होता. एकशेवीस चौरस मीटर भिंती धरा आणि गुणाकार करा.

मी वाकून शिर पाहत होतो तेव्हा मेस्त्री मागे उभे होते. ते म्हणाले, “साहेब, खरं लाकूड ते खरंच, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

म्हणालो होतो. वर्षभरापूर्वी शेजारच्या एका ट्रॉलरच्या कामासाठी त्याच यार्डात गेलो असताना मालकाने चहा पिता पिता दोन नमुने पुढे केले आणि कोणता घेऊ म्हणून विचारले. ते माझे काम नव्हते, मी आराखडाही पाहिला नव्हता. सागाचा तुकडा हातात घेऊन मी आवडीने बोललो आणि विसरलो. ते बोलणे अहवालात कुठे लिहावे यासाठी रकाना नाही. पण मालकाला आणि बँकेला मी ते वेगळ्या पत्राने कळवले आणि हवा असल्यास दुसरा सर्व्हेयर नेमा, असेही लिहिले. दोघांनीही नको म्हटले.

आता मूल्याचे. मालक लोक खर्चालाच किंमत समजतात आणि त्यात करही धरतात. सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या यॉटवर ४० टक्के जीएसटी आहे, तो विकताना परत मिळत नाही. एकच नग बांधलेल्या बोटीला बाजारात तुलना सापडत नाही, म्हणून त्याच लांबीच्या आयात बोटींच्या विक्रीवरून मागे मागे यावे लागते. बोट ढकलणाऱ्या पंख्यांचा पीच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, कमी करणे, छप्पर आणि ग्रॅनाइट काढणे, हे खर्च सरळ वजा केले. वेग आणि वर्ग उतरल्याची तूट निराळी धरली. बिलात सुतारकामाची ओळ ६२ लाखांची होती. बोट विकायला काढली तर घेणारा सर्वांत आधी त्या भिंतींना हात लावेल आणि दोन-चार लाख जास्त देईल. त्याच भिंतींमुळे ती वीस नॉटवर धापा टाकते, म्हणून नौकेच्या दृष्टीने ती ओळ उणे लिहायला हवी. मी ३१ लाख लिहिले. निम्मे का, हे मला कोणी विचारले नाही आणि विचारले असते तर सांगता आले नसते.

गेल्या आठवड्यात फेरतपासणीसाठी गेलो. छप्पर उतरवले आहे. तक्ते काढायचे की ठेवायचे यावर मालक आणि यार्ड महिनाभर भांडले आणि शेवटी मेस्त्रींनीच तोड सुचवली. एकेक तक्ता उतरवून ते मागच्या बाजूने राऊटरने पोखरतात, कडेची चौकट जाड ठेवून मधला भाग आठ मिलिमीटरवर आणतात, आणि पुढची शिर जिथल्या तिथे राहते. भुसा आणि कपचे गोण्यांत भरून त्यांनी भिंतीशी रचले होते. माझ्या वाळूच्या गोण्या ज्या काट्यावर तोलल्या तोच काटा शेजारी होता. धाकटा मुलगा शाळेच्या वहीत आकडे लिहित होता. मी वही पाहिली. त्या दिवसापर्यंत दोनशे चौदा किलो.