आजोबांचा शब्द

बीएएसएलपी, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवरच्या उपचारांची डिग्री, करतीये असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे तोतऱ्या मुलांना शिकवणार का?" मुलं असतातच, 'काका'ला 'ताता' म्हणणारी, आणि 'त्याचे बाबा पण उशिराच बोलले' म्हणत घरच्यांनी दोन-दोन वर्षं घालवलेली, त्यांच्यावर परत कधीतरी लिहीन. सध्या डोक्यात एक आजोबा आहेत.

तिसरं वर्ष चालूये, पुढचं वर्ष इंटर्नशिप, मग आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन. क्लिनिकला आजी त्यांना शनिवार पेठेतनं रिक्षाने घेऊन येतात. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात लुळा आणि अफेजिया, म्हणजे त्यांच्या बाबतीत आपलं बोलणं बरंचसं कळतं, काय म्हणायचंय तेही माहीत असतं, पण शब्द तोंडातनं येत नाही. ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये ज्या पेशंटबद्दल लिहिलं तो फक्त 'टॅन' म्हणायचा, आमचे आजोबा 'ते, ते' म्हणतात.

पहिल्या दिवशी मी कपबशीचं चित्र समोर धरलं. ओठ हलले, कपाळावर आठ्या, डोळे भरून आले, मला बघवेना आणि मी पटकन 'चहा' म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "शब्द त्यांचा होता, तू का घेतलास? मनात दहापर्यंत मोज, मग क्लू दे." मग त्या स्वतः आत गेल्या, "गणपती बाप्पा" म्हणाल्या आणि थांबल्या. आजोबा खणखणीत आवाजात "मोरया!" आजी दचकल्याच. वार, आकडे, आरत्या, असं पाठ झालेलं पुष्कळदा शाबूत राहतं, ऑटोमॅटिक स्पीच, परीक्षेत मी हे लिहिलंही होतं, पण ऐकलं त्या दिवशी.

पण मोरया म्हणता आलं म्हणून चहा मागता येत नाही ना, खरी मेहनत तिथेच आहे. आजींकडून त्यांचे रोजचे शब्द लिहून घेतले, चहा, पेपर, पंखा, तपकीर, नातवाचं नाव, आणि त्यांचीच चित्रं केली.

तुमच्या घरी कुणाला असं झालं असेल तर प्लीज ओरडून बोलू नका, प्रश्न कानाचा नसतो. टीव्ही बंद करा, एका वेळी एकच विचारा, हो-नाहीत उत्तर देता येईल असं, आणि थांबा.

गुरुवारी परत कपबशी. मी दहापर्यंत मोजलं, नुसता 'च्' एवढाच आवाज दिला, परत मोजायला लागले. सातला ते म्हणाले, "चा."

मी वहीत 'शेवटचं अक्षर गाळलं' असं लिहीत होते तर आजी म्हणाल्या, "अगं नाही, हे पहिल्यापासून चा-च म्हणतात."