मोजणारा चुकला तर?

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सोलापुरात उतरले तेव्हाच फलाटावर ऊन चढलं होतं. एप्रिलात इथं येऊ नका असं सगळे सांगतात, आणि खरंच येऊ नये. तरी आले, कारण विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांना कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा उपकरणाचा भाग, समजावून सांगायचा होता.

तासाभराच्या कार्यक्रमातली चाळीस मिनिटं शाल, श्रीफळ आणि मनोगतांत गेली. पोरं पत्र्याखाली घामानं निथळत होती. त्याचा मला तेव्हाही राग आला, अजूनही येतो.

उरलेल्या वेळात जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेबद्दल बोलले. तिथं २७ किलोमीटरच्या वलयात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. सीएमएस या प्रयोगाच्या कॅलरीमीटरमध्ये लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक आहेत. काचेसारखे आरपार, पण लोखंडाहून जड. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन आत शिरला की एकातून दुसरे, दुसऱ्यातून आणखी असे कण फुटत जातात आणि स्फटिक मंद चमकतो. चमक जेवढी, तेवढी ऊर्जा. तापमान एक अंशानं वाढलं तरी चमक साधारण दोन टक्क्यांनी उतरते, म्हणून स्फटिक १८ अंशांवर राखतात, असं म्हणताच मागून आवाज आला, "आम्हालाबी तिथंच ठिवा की!"

मग न्यूट्रिनो, कशालाच सहसा न अडणारा कण. तो कॅलरीमीटरमधून काही न सोडता निघून जातो. पण प्रोटॉनांच्या वाटेला आडव्या दिशेतला सगळ्या कणांचा संवेग मिळून शून्य यायला हवा. नाही आला, तर काहीतरी निसटलंय.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी शेजारणीशी तेलुगूत कुजबुजली आणि उभी राहिली. "म्हणजे आई पान-तंबाखू मोजून आणती, विड्या कमी भरल्या की कुठंतरी गेलंय हे कळतंच."

"अगदी तसंच."

"पण मॅडम, मोजणाराच चुकला तर? तो चांगल्या विड्यापण छाटमध्ये, खराब म्हणून बाजूला टाकतो."

हे मी कॉलेजांतूनही सांगत आले आहे. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. एखादा स्फटिक बंद पडला, एखाद्या फटीतून ऊर्जा निसटली, तरी न्यूट्रिनो गेल्यासारखंच दिसतं. शास्त्रज्ञांचं खरं डोकं तिथं खर्च होतं. मी तिला झेड बोसॉन या क्षणात फुटणाऱ्या कणाबद्दल सांगितलं. त्याचं वस्तुमान पक्कं ठाऊक आहे, कणांच्या मापात ९१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वर. तो फुटून एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाराचा जुळा पॉझिट्रॉन झाले की त्यांच्या मोजमापातून तोच आकडा निघाला पाहिजे. नाही निघाला, तर दोष कॅलरीमीटरचा. माहीत असलेलं वजन टाकून काटा तपासायचा.

"आमच्याकडं काटा कोण तपासत नाही," म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशीचं सिद्धेश्वर मंदिर, तलाव, चादरींची दुकानं मला फारशी आठवत नाहीत.

शाळेतून निघाले तेव्हा उंबऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. तोंडानं शेजारणीशी बोलणं चालू, हातानं मोजून जुडी बांधणं चालू. "पंचवीस," म्हणाल्या आणि जुडी माझ्या हातात दिली. मी मोजली. पंचवीसच होत्या.