पाठीवरचं बाळ गप्प झालं तेव्हा

लहान मुलांना डोंगरात न्यायचं म्हटलं की आईबाबांना एकच धास्ती, पोरं दमतील. खरं सांगू का, पोरं दमत नाहीत, बोअर होतात. "पाय दुखतायत" म्हणणाऱ्याला सगळ्यात पुढे घ्यायचं, आता वाट तू दाखव म्हणायचं, पाय दुखायचे थांबतात. फॅमिली ट्रेक घेऊन जाताना माझं खरं लक्ष असतं ते न चालणाऱ्या मेंबरवर, म्हणजे कॅरिअरमध्ये पाठीवर बसलेल्या बाळावर. का ते त्या दिवशी अख्ख्या ग्रुपला कळलं.

सकाळी पायथ्याशी मस्त ऊन होतं. पहिला टप्पा झाडीतून, आणि तिथे एका कातळाच्या आडोशाला कोरड्या भुसभुशीत मातीत मुंगीसिंहाचे खड्डे दिसले, अगदी छोटी नरसाळी मातीत रोवल्यासारखे. पोरं सरळ पोटावर आडवी. काडीने एक कण आत ढकलला की तळाशी लपलेल्या किड्याला वाटतं मुंगी पडली, आणि तो खालून माती उडवायला लागतो. मी सांगितलं की ही अजून अळी आहे, पंख फुटेपर्यंत महिनोन्महिने ती शी करतच नाही, सगळी आत साठवून ठेवते. झालं! तिथून कोणी उठेचना. एक बाबा सारखे घड्याळ बघत होते, "वर कधी पोचणार आपण?" मी म्हटलं नाही पोचलो तरी चालेल, ते काही त्यांना पटलं नाही.

झाडी संपून उघड्या धारेवर आलो आणि वारा सुरू झाला. उंचीनुसार हवा गार होतेच, हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश, पण वाऱ्याची गोष्टच वेगळी, अंगातली ऊब तो ओढूनच नेतो. चालणाऱ्याला ते जाणवत नाही. बाळाचे बाबा टीशर्टवर, घामाने निथळत होते, आणि पाठीवरचं दहा-अकरा महिन्यांचं बाळ मात्र जागचं हललेलं नाही, म्हणजे हालचालीने अंगात उष्णता तयार व्हायला काही कारणच नाही.

खाली प्रत्येक पक्ष्याला हाका मारणारं ते पोर एकदम गप्प झालं होतं. आई म्हणाली, "झोपलाय ताई, छान वारा लागतोय ना." मी थांबवलं. हात गार होते, पण हात तसेही गार लागतात, त्यावरून ठरवत नाही मी. मानेला बोटं लावली, मग कपड्यांच्या आत पोटाला, आणि पोटही गार. पँट वर सरकून पोटऱ्या उघड्या, लाळेने गळ्याशी कपडा ओला, आणि कॅरिअरचा पट्टा मांडीला काचत होता तो वेगळाच. एवढी लहान बाळं आपल्यासारखी कुडकुडत नाहीत, त्यामुळे कुडकुडायला लागला की बघू असं म्हणून चालत नाही.

मग चर्चा नाही. सगळे एका मोठ्या दगडाच्या आड, ताडपत्री आडवी धरली, ओले कपडे काढले, टोपी घातली आणि बाळाला आईच्या जॅकेटच्या आत, त्वचेला त्वचा लावून. आजी हातपाय चोळायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं, अशा वेळी चोळायचं नसतं. हलवून जागं केलं तर आधी नुसतं किलकिलं बघितलं त्याने, नीट जागा झाल्यावर थर्मासातलं कोमट दूध थोडं थोडं दिलं. हळूहळू पोट गरम लागायला लागलं आणि मग त्याने जे भोकाड पसरलं ना, एरवी डोकं उठवणारा आवाज, पण तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

वर जायचा प्रश्नच नव्हता. ताडपत्रीचं एक टोक घड्याळवाल्या बाबांनीच सगळा वेळ धरून ठेवलं होतं आणि खाली जाऊया हेही तेच पहिल्यांदा म्हणाले. बाळ आईच्या जॅकेटमध्येच झाडीपर्यंत उतरलं, बाकीची पोरं धावत परत खड्ड्यांपाशी. बाळ नंतर ठणठणीत होतं, पण उतरल्यावर डॉक्टरांना दाखवूनच घरी जा असं मी सांगितलं, आणि ते गेलेही.

कॅरिअर घेताना लोक वजन बघतात, पट्टे बघतात, पण त्यात बसणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा एक-दोन थर जास्त लागतात हे कोणी सांगत नाही. माझ्याबरोबर आलात तर प्रत्येक हॉल्टला बाळ बाहेर काढायचं, पाय मोकळे करू द्यायचे, पोटाला हात लावायचा. काही जण वैतागतात, आत्ता कुठे झोपलाय, कशाला उठवताय म्हणतात. उठवायचंच.