गुडगुड सापडली: काउल निर्दोष, अडथळा छज्ज्याच्या एल्बोत

मागच्या नोंदीत गुडगुडीचा सगळा संशय काउलवर, म्हणजे व्हेंटच्या (लाईनला हवा देणाऱ्या उभ्या पाईपच्या) टोपीवर होता. काउल काढला तरी गुडगुड तशीच. संडासात फ्लश केला की शेजारचा नहाणी ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग) अरुंद तोंडाच्या मडक्यासारखा बुडबुडतो आणि मग वास सुटतो. लाईनचा उतार मीटरला २ सेंमी भरला, सेप्टिक टाकी उपसून झाली. ते दोन्ही मुद्दे बाद.

खराट्याच्या काडीवर खूण करून ट्रॅपची पातळी पाहिली. सलग तीन फ्लशनंतर ती ३० मिमी उतरली, म्हणजे ५० मिमीच्या सीलमधले (ट्रॅपमध्ये साठलेल्या पाण्याच्या थरातले) जेमतेम २० उरले. पुढची लाईन तुंबलेली असती तर पाणी आधी वर चढलं असतं. इथे ते सरळ ओढलं जातंय, म्हणजे लाईनला हवा मिळत नाही. (उन्हाळ्यात गुडगुड नसताना नुसता वास आला, तर बहुधा सील सुकलेलं असतं. एक तांब्या पाणी ओतलं की काम झालं.)

व्हेंटची हवा बघायला कापसाचा पेळू झकास. बोटभर पिंजून दोऱ्याने पाईपच्या तोंडावर लटकवा आणि खालून फ्लश करायला सांगा. व्हेंट मोकळा असेल तर कापूस आत ओढला जातो. आपला ढिम्म हलला नाही. काही जण उदबत्ती धरतात, ते नकोच. टाकीचा वायू पेट घेतो.

मग वरून ४ लिटर पाणी ओतलं. ७५ मिमीच्या पाईपमध्ये मीटरभर उंचीला साधारण तेवढंच मावतं. मोकळ्या पाईपातून ते धबाक्कन खाली जायला हवं, इथे सात मिनिटं लागली. दोरीला नट बांधून सोडला तर तोंडापासून २ मीटरवर अडला: बरोबर छज्जा चुकवायला लावलेले दोन ९० अंशांचे एल्बो. तार घालून ढोसलं की पाला खालच्या एल्बोत आणखी घट्ट बसतो, म्हणून तो तुकडा कापूनच काढला. आत कडुनिंबाच्या काड्या आणि त्यांत रुतलेलं कुंभारणीचं (गांधीलमाशीसारख्या किड्याचं) मातीचं घर, अंगठ्याएवढं, कोशांच्या नळ्यांसकट. घर काउलखाली बांधलेलं. सुटून खाली पडलं आणि त्यावर पाला साचत गेला.

नव्या जोडणीत ४५ अंशांचे दोन बेंड आणि त्यांच्या खाली एक डोअर टी (झाकण उघडून साफ करता येणारा जोड). पाईप एसडब्ल्यूआरच (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा) घ्या. व्हेंटला टाईप ए चालतो, मैल्याच्या लाईनला टाईप बी. दुकानदार शेतीचा पाईप ‘तोच तो’ म्हणून देतात, पण तो ड्रेनेजसाठी बनवलेला नसतो. रबरी रिंगच्या जोडात पाईप पूर्ण आत ढकलून खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. आपल्याकडच्या उन्हात ३ मीटरचा पाईप सहज ५ मिमी वाढतो.

आता फ्लश केला की कापूस दोन बोटं आत जातो. तीन फ्लशनंतर पातळी फक्त ३ मिमी उतरली. ट्रॅप गप्प!

राहिली जाळी. डासांसाठी ती हवीच, पण व्हेंटला बांधलेली नायलॉनची जाळी धुळीने बुजते. साधा ७५ चा काउल आणि जाळी असं ठरलं होतं, पण हे लिहितानाच सुचलं: वर ७५×११० चा रिड्यूसर (लहान-मोठे पाईप जोडणारा तुकडा) उलटा बसवून जाळी ११० च्या तोंडावर बांधली तर क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. अर्धी बुजली तरी जवळपास ७५ च्या तोंडाइतकी जागा उरते. एकतर्फी हवेचा व्हॉल्व्ह इथे नको; तो हवा आत घेतो, पण टाकीचा वायू बाहेर सोडत नाही.

रिड्यूसर या आठवडी बाजाराला. पहिल्या झडीनंतर काळी माती फुगली की उतार पुन्हा मोजायचा आहे.