फक्त मोठ्यांसाठी म्हणे!

दिवाळीत आम्ही लातूरचे तीन घरं मिळून क्रूझला गेलतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलेली माणसं आम्ही, चौफेर पाणी बघून तिथंच अर्धे येडे झालो.

तर जहाजावर एक स्विमिंग पूल फक्त मोठ्यांसाठी, दारातच हे मोठा बोर्ड. मी जरा आडवा झालो अन् दहाच मिनिटात पाच-सहा लेकरं धपाधप उड्या मारायलेत, एक तर डायपर घातलेलं थेट जकूझीत! स्टाफचा पोरगा टॉवेलच्या घड्या घालत सगळं बघायला पण तोंडातून शब्द नाही, विचारलं तर म्हणला सर एकदा सांगतो, जास्त बोललं की आईबाप आमचीच कम्प्लेंट करतेत.

आता नियम काय नवा नाही. क्रूझ कंपन्यांच्या मोठ्यांसाठीच्या जागा बघा, रॉयल कॅरिबियनच्या सोलॅरियमला वय १६ लागतंय, डिस्नेच्या क्वाएट कोव्हला १८, कार्निव्हलच्या सेरेनिटीला तर २१. अन् जन्मतारीख बुकिंगलाच घेतलेली असते, मग दारात एक माणूस उभा करून कार्ड बघायला काय जातंय? पाटीला कोण भितंय, आपल्याकडं 'येथे थुंकू नये' च्या खालीच थुंकतेत की.

बरं, जकूझीतलं ते लेकरू कुणाचं, तर आमच्याच मेव्हण्याचं. "दाजी, पाचच मिनिटं, लेकरूच हाय की!" मी उचलून बाहेर काढलं.

मेव्हणा दोन दिवस बोलला नाही. बायको अजून बोलंना.