चौकावरची काच

मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये शिरताच नजर गेली ती एका पोपटावर. लाकडी, कोरीव, हातभर उंचीचा, चोचीत फळ धरलेला. त्याच्या डोक्यावर काचेची फळी, फळीवर मनी प्लँट, आणि वरून पिवळा दिवा सोडलेला. साबरमतीच्या पश्चिमेला, नवव्या मजल्यावर. करड्या भिंती, जाड सुती पडदे, वेताचा झोपाळा आणि सगळ्या खोलीचा जीव त्या एका लाकडाच्या तुकड्यात. खांब आणि तुळई यांच्या बेचक्यात तिरपा बसवतात तो हस्त होता. आपल्याकडच्या वाड्यांत असतात तसाच.

"कुठून आणलास?"

"अगं, जुन्या शहरातली घरं पाडतात ना, त्यांचं सामान विकायला येतं."

"कुठल्या घरातला?"

तिला माहीत नव्हतं. विकणाऱ्यालाही नसावं. रात्री झोपताना मला उगाचच वाटत राहिलं, की हा तिकडून निघाला तेव्हा त्याच्यावरची तुळई कशावर टेकवली असेल?

दोन दिवसांचं काम आटोपून मी निघणार होते. त्याऐवजी आणखी तीन दिवस अहमदाबादेत थांबले आणि नदीच्या पलीकडे घरं बघत हिंडले. अट एकच होती. हस्त अजून तुळईखाली हवेत, आणि घरात माणसं आजच्या सोयींनी राहत हवीत. नुसती संग्रहालयं नकोत.

पहिल्या सकाळी रीतसर महापालिकेच्या हेरिटेज वॉकला गेले. 1997 पासून चालू आहे ती. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापाशी सुरू होते आणि जामा मशिदीपाशी संपते. ज्यांना एकच सकाळ मिळणार आहे त्यांनी चुकवू नये. पण चालताना घरं बाहेरूनच दिसतात आणि मला आत जायचं होतं, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढं मात्र सांगते, की इथल्या जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीला 'पोळ' म्हणतात, आणि या शब्दाने मराठी कानाला मधमाश्यांचं पोळं आठवतं आणि ते फारसं चुकत नाही. गल्लीच्या तोंडाशी दरवाजा, त्याच्या माथ्यावर पहारेकऱ्याची खोली, आत एकमेकांना खांदे लावून बसलेली अरुंद घरं, एखादं देऊळ किंवा देरासर म्हणजे जैन मंदिर, आणि मोकळ्या जागी खांबावर कबुतरांना दाणे टाकायचा चबुतरा. एका पोळीतून दुसरी फुटते, दुसरीतून तिसरी. (अनेकवचन काय करावं हा प्रश्नच आहे. 'पोळ्या' म्हटलं की भलतंच डोळ्यापुढे येतं.) 1411 साली वसलेल्या या शहराला 2017 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहर ठरवलं, तेव्हा तो मान मिळालेलं ते भारतातलं पहिलं शहर होतं. त्यात या पोळींचा मोठा वाटा. मधली साठेक वर्षं, 1758 ते 1817, हे शहर पेशवे आणि गायकवाड यांनी वाटून घेतलं होतं, हे ऐकून आमच्या गटातल्या दोघा नाशिककरांची छाती फुगली. वाटून घेतलेल्या शहरात कर दोघांनाही भरावा लागला असेल, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पहिलं घर पाहुण्यांसाठी खोल्या देणारं होतं आणि एक रात्र मी तिथेच राहिले. फोटोत जसं दिसतं तसंच ते होतं, नव्हे, थोडं जास्तच. गल्लीतला ओटा नव्या दगडाने बांधलेला. आत शिरल्यावर लाकडी खांब पॉलिश केलेले, वर कडीपाट, भिंतीतल्या कोनाड्यांत पितळी भांडी आणि त्यांत लपवलेले दिवे. मधल्या चौकात मऊ गालिचा, त्यावर गुबगुबीत सोफा, पुस्तकं, गोधड्यांच्या उशा. डिसेंबरची थंडी होती. सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि मनात म्हटलं, उठायचंच नाही इथून.

मग वर बघितलं. चौकाच्या डोक्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काच ठोकून बसवली होती.

इथल्या घराची रचना समजून घेतली तर ही काच किती महाग पडते ते कळतं. आपल्या वाड्याचा चौक ऐसपैस असतो, त्यात लग्न लागतं. पोळीतल्या घराचा चौक दोन खाटांएवढा. घर दोन-तीन खणांचं, पण मागे लांबच लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे तिथे खिडकी नाही. उजेड, वारा, सगळं या मधल्या भोकातून. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतल्या गल्लीतली गार हवा दारातून आत ओढली जाते. मे 2016 मध्ये या शहरात पारा 48 अंशांवर गेला होता. अशा गावात घराच्या धुराड्यावर झाकण घातलं तर काय होणार? प्रत्येक खोलीत एसी येणार. इथे आलाच होता, आणि त्याची बाहेरची यंत्रं मागच्या बोळात शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर गरम वाफा सोडत होती. रात्री सोफ्यावर वाचत बसले तेव्हा आणखी एक गोष्ट जाणवली. घरात कसलाच आवाज नव्हता. पोळीत कुणी खोकलं तर चार घरांना कळतं, आणि इथे मी एखाद्या छान उजळलेल्या बरणीत बसले होते.

चहा घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, "टाकं कुठे आहे या घरात?" पोळीतल्या जुन्या घरांत चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं असतं, असं वॉकमध्ये कळलं होतं. त्याने हसून माझ्या सोफ्याकडे बोट दाखवलं. माझ्या खालीच होतं. गालिचा अंथरल्यापासून उघडलं नव्हतं म्हणे.

दुसरं घर एका तरुण जोडप्याचं. दोघंही आर्किटेक्ट, राहायला तिथेच. मैत्रिणीच्या ओळखीने गेले आणि तासाभरासाठी म्हणून गेलेली दुपार तिथेच संपली. या घरात लपवलेले दिवे नव्हते. वायरी उघड्याच, लाकडी पट्टीवरून सरळ रेषेत नेलेल्या. बसायला ओट्यासारखा एक लांब बाक, त्यावर गाद्या, खाली पुस्तकांचे खण. मागच्या माळ्यावर गादी टाकून केलेली झोपायची जागा, जिथे उभं राहिलं की डोकं आपटतं. माझं दोनदा आपटलं.

त्यांनी मला सगळ्यात आधी काय दाखवलं असेल तर न्हाणीघर. मला वाटलं, टाइल्सचं कौतुक करायचं असेल. पण खरी कसोटी तिथेच होती. जुन्या घरांत संडास-न्हाणी सहसा आत नसायची, आणि आजचा माणूस रात्री गल्लीत जाणार नाही. म्हणजे दीडशे वर्षांच्या सागवानी तुळयांवर सिमेंट, फरशी, पाणी आणि ओल आणायची! लाकडाला वजनापेक्षा ओलीचं भय जास्त. त्यांनी मागच्या कोपऱ्यात तळापासून वरपर्यंत लोखंडाचा स्वतंत्र सांगाडा उभा केला, तिन्ही मजल्यांची न्हाणीघरं एकावर एक त्यातच रचली आणि सगळे पाइप एकाच खोबणीतून खाली उतरवले. घराच्या लाकडाला ते कुठे टेकतच नाहीत. मध्ये बोटभर फट आहे. तिने त्या फटीत बोट घालून दाखवलं. बाळाचा दात दाखवावा तसं.

"आणि भिंती?" मी विचारलं. खालच्या भिंतीचा एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवला होता, पोपडे धरलेला, पांढरी बुरशी आल्यासारखा. आपण म्हणतो ना, भिंतीला लोणा लागला, तो. आधीच्या मालकाने तिथे सिमेंटचा गिलावा केला होता. जुन्या विटेच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच. चुन्याचा गिलावा असला तर ती बाहेर पडून वाळून जाते, सिमेंट तिला आत कोंडतं. मग क्षार वर येतात आणि भिंत पीठ होऊन गळते. त्यांनी सगळं सिमेंट खरवडून काढलं, चुना भिजवून मुरवला, विटेची भुकटी घालून नव्याने गिलावा केला. गल्लीत ट्रक येत नाही, टेम्पोही नाही. सामान आलं ते हातगाडीवर आणि गाढवांच्या पाठीवर. शेजारच्या आजोबांना त्या चार महिन्यांत गाढवांची नावं पाठ झाली होती.

या लाकडी सांगाड्यावर त्यांचा विश्वास आंधळा नाही. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेतल्या अनेक नव्या काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. भेगा पोळींतल्या घरांनाही गेल्या, पण विटांच्या भिंतीत मध्येमध्ये लाकडाच्या पट्ट्या असलेली ही घरं त्या मानाने तगली, कारण लाकूड थोडं डोलतं आणि धक्का पचवतं. म्हणूनच एखादा खांब काढून 'हॉल मोठा करून द्या' म्हणणारं गिऱ्हाईक आलं की ही दोघं काम नाकारतात.

आणि चौक? मी मुद्दाम शेवटी विचारलं. काच त्यांनीही घातली होती, पण गच्चीच्या कठड्याच्या दोन फूट वर, चार पायांवर उभी केलेली. बाजू उघड्या, फक्त माकडांसाठी लोखंडी जाळी. पाऊस आत येत नाही, वारा येतो, कबुतराची पिसं येतात, शेजारणीच्या फोडणीचा वास येतो. थंडीत काय करता, यावर तो म्हणाला, "स्वेटर घालतो." गच्चीवर फुटक्या पांढऱ्या फरश्यांचे तुकडे लावलेले, ऊन परतवून लावायला. पुण्यात जन्मलेल्या वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी याच शहरात त्यांच्या 'संगाथ' कार्यालयाच्या अर्धगोल छपरांवर हेच केलंय. मोडक्याचा असा उपयोग या गावाला चांगला जमतो.

तिसरं घर ठरवून बघितलेलं नाही. एका पोळीत वर बघत चालले होते, तेवढ्यात ओट्यावर मटार सोलत बसलेल्या बाईंनी हाक मारली, "आवो बेन, अंदर जुओ." बाहेरच्या दर्शनी भागात चार हस्तांची रांग, त्यातले मधले दोन गायब. त्यांच्या जागी साध्या लोखंडी पट्ट्या, आणि लाकडावर फिका चौकोनी डाग.

आत गेले आणि मनातून नाक मुरडलं, हे कबूल करते. चकचकीत व्हिट्रिफाइड फरश्या. कडीपाट दिसू नये म्हणून पीओपीचं खोटं छत, त्याच्या कडेने निळे दिवे. ग्रॅनाइटचा ओटा. कुठल्याही मासिकात छापून येणार नाही असं घर. बेनने माझी नजर बरोबर पकडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "तुम्ही लोक वर बघून वा वा म्हणता. आमच्या दुधात चाळीस वर्षं वरून माती पडायची." कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा थर असतो, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की ती झिरपते. त्यांच्या गुडघ्यांना तो उभा लाकडी जिना झेपत नाही, म्हणून खालचं माजघर झोपायची खोली झालं आणि त्याला लागून कमोड. मी गेले दोन दिवस ज्याला 'घराचा आत्मा' म्हणत होते, त्याचा झाडू-पोछा ही बाई करत आली होती.

हस्तांचं विचारलं. पाच वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर खचलं. हातात पैसे नव्हते, तेव्हा दोन विकले आणि छप्पर नीट करून घेतलं. बाकीचे दोन विकायला मुलगा म्हणत होता, त्यांनी नाही म्हटलं. मी घाईघाईने उरलेल्यांवर काय कोरलंय ते पाहिलं. मोर होते. पोपट नव्हता. उगाचच हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

चौक मात्र त्यांनी झाकला नव्हता. खोट्या छताचे निळे दिवे चौकाच्या कडेशी येऊन थांबले होते आणि मध्ये सरळ आभाळ. मला कुडकुडताना पाहून त्या म्हणाल्या, "ठंडी लागे तो तडके बेसो," आणि चौकात ऊन पडलं होतं तेवढ्या तुकड्यात पाट सरकवला. अकरा वाजत आले होते. ऊन सतरंजीएवढं होतं आणि दर पाच मिनिटांनी सरकत होतं. आम्ही दोघी मटारांसकट त्याच्याबरोबर सरकत होतो.

टाकं आहे का, असं विचारल्यावर त्या उठल्या, कोपऱ्यातली गोल दगडी झाकणी पायाने लोटली आणि आतून ओल्या दगडाचा वास आला. छपरावरचं पाणी नळीने इथे येतं. पहिल्या पावसाचं बाहेर सोडून देतात, छप्पर धुतलं गेलं की मग नळी टाक्याकडे वळवायची. आता नळाला पाणी आहे, पण देवासाठी आणि डाळ शिजवायला अजून हेच. डाळ लवकर शिजते, असं त्यांचं म्हणणं. मी वाकून पाहिलं तर नुसता काळोख.

"थांबा," म्हणाल्या आणि आतून दाढीचा आरसा घेऊन आल्या. चौकातल्या उन्हात तो धरला, जरा वाकडा केला, आणि उन्हाचा कवडसा झाकणीच्या भोकातून थेट खाली उतरला. खूप खाली, खोलीएवढ्या दगडी पोकळीत पाणी होतं. अगदी स्थिर, तळाचा दगड न् दगड दिसेल इतकं नितळ. त्यांचा हात थोडा थरथरत होता, त्याबरोबर तो उजेड टाक्याच्या भिंतींवरून फिरत राहिला.