बेस गिटारसाठी घरी केलेला कॅब आणि १२ इंची तीन ड्रायव्हर

आमचे कीबोर्डवाले काका नेहमी म्हणतात, बेसवाला वाजवतोय का नुसता उभाय हे लोकांना तो थांबल्यावरच कळतं. आमच्या ऑर्केस्ट्रात तेही कळत नव्हतं. माझा बेस सरळ मिक्सरला, तिथून डीजेच्या वरच्या स्पीकरला (टॉपला), आणि स्टेजवर मला स्वतःलाच ऐकू येत नसे, ड्रमरची तर बातच सोडा. जळगाव घ्या, धुळे घ्या, चाळीसगाव घ्या, साउंड भाड्याने मागवला की बेस गिटारचा वेगळा कॅब, म्हणजे स्पीकरचं खोकं, काही येत नाही, फार तर लीड गिटारचा छोटा ॲम्प पुढे करतात आणि म्हणतात यातच वाजव. म्हणून ठरवलं आपणच बनवू. हेड, म्हणजे बिनस्पीकरचा ॲम्प, माझ्याकडे होतं, क्लास डी (हलक्या जातीचा), ४ ओहमचा स्पीकर लावला तर ३०० वॉट देणारं. खोकं काय, मिस्तरी करून देईल. खरा घोळ होता ड्रायव्हरचा, म्हणजे आत बसवायच्या गोल स्पीकरचा, त्यात प्रत्येकाचं मत आधीच तयार.

साउंडवाला मित्र म्हणे डीजेचा टाक, ५०० वॉट आहे, मॅग्नेट बघ केवढं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एकाने सांगितलं, बेसच पाहिजे ना भो, मग गाडीचा सबवूफर घे ना, काच हलवतो. आणि माझ्या डोक्यात बसला होता बेस गिटारसाठीच बनवलेला निओडिमियम मॅग्नेटवाला, एमिनन्स, सेलेस्टियन असल्या कंपन्या बनवतात तसला. तो एक घेण्याच्या पैशात डीजेचे तीन आले असते, त्यामुळे घरी काही बोललो नाही, आधी मित्राचा डीजेवाला उसना आणला, भाच्याच्या गाडीतला सबवूफर काढून आणला, आणि तिसरा मागवला. तिन्ही १२ इंची.

आता वॉटचं सांगतो, कारण सगळे तिथेच अडकतात. मॅग्नेटच्या स्टिकरवरचा वॉट म्हणजे आतली तारेची कॉइल किती उष्णता सहन करेल एवढंच. खालच्या सुरात कॉइल जळायच्या आधी कोनची, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याची, पुढेमागे जायची जागाच संपते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, आणि बेसची सगळ्यात खालची ई तार आहे ४१.२ हर्ट्झ. म्हणून ड्रायव्हरसोबतच्या माहितीच्या कागदावर बघायचं ते एक्समॅक्स, म्हणजे कोन सरळ वागून किती मिलिमीटर सरकतो, मग एफएस म्हणजे ड्रायव्हर स्वतः कुठे घुमतो, आणि क्यूटीएस, ज्याच्यावरून त्याला केवढं खोकं लागेल ते कळतं. हे सगळं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात वाढवलं, म्हणून थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ड्रायव्हरसोबत हा कागदच येत नसेल तर तो घेऊच नका, असं माझं मत. विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आकडे टाकले की खोकं आणि पाइप दोन्ही निघतात.

मी ६० लिटरचं खोकं आणि ४५ हर्ट्झ ट्यूनिंग, म्हणजे पाइप ज्या सुराला घुमतो तो, धरलं. पोर्टला, म्हणजे खोक्यातली हवा आतबाहेर जायच्या वाटेला, ११० एमएमचा पीव्हीसी पाइप, जळगावात पाइपाची काय कमी. एकच पाइप लावला तर लांबी १३ सेंटिमीटर निघते, सोपं काम, पण जोरात वाजवलं की त्यातून फुस्स फुस्स हवा ऐकू येते. दोन लावले की हवेचा वेग निम्मा होतो, फक्त प्रत्येकी ३३-३४ सेंटिमीटर लांब लागतात आणि मग खोकं खोल करावं लागतं. दोन लावले. प्लाय १८ एमएम, चांगल्यातला, कारण स्वस्त प्लायमध्ये मधे मधे पोकळ जागा असतात, त्या एखाद्या सुराला गुणगुणतात आणि शोधता शोधता जीव जातो. आतून जुन्या गोधडीचे तुकडे स्टेपल केले. खान्देशात कापसाला तोटा नाही पण सुटा कापूस पाइपातून प्रेक्षकात उडतो. पुढची फळी मात्र फेविकॉलने चिकटवली नाही, बोल्टवर ठेवली, आणि तीन ड्रायव्हरसाठी तीन फळ्या कापून घेतल्या. मिस्तरी म्हणाले, दादा तीन पुढे आन मागे एकच, हे कोणतं कपाट?

पण एकाच खोक्यात तिन्ही वाजवून बघायचे म्हणजे अन्यायच, ज्याला ते माप बसतं तो जिंकणार. म्हणून विटा. कोरड्या विटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत रचायच्या, एक वीट साधारण दीड-दोन लिटर जागा खाते. ६० चा ४० लिटर केला की त्याच पाइपांवर ट्यूनिंग ४५ वरून ५५ ला चढतं. डीजेच्या ड्रायव्हरला हेच लागत होतं, त्याचं मॅग्नेट जबर, क्यूटीएस कमी, मोठ्या खोक्यात तो खाली नुसता पातळ वाजतो.

घरात ऐकायचा उपयोग झाला नाही. आमची खोली १४ फुटी, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर एवढ्या दोन भिंतींमध्ये ४० हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, म्हणजे बरोब्बर ई तारेला. कोणताही ड्रायव्हर लावा, ई दणका आणि पुढचा जी गायब. मग सगळं पिकअपमध्ये टाकून यावलकडे मामांच्या खळ्यावर नेलं, आजूबाजूला केळी, भिंत नाही काही नाही. गडी विचारतो हाई काय शे भो, म्हणलं स्पीकर, तर म्हणे मग गाणं लाव ना, हे एकच एकच काय वाजवतोस. एकच वाजवत होतो कारण लूपर पेडलवर एक लाइन रेकॉर्ड करून तीच तीनही ड्रायव्हरला दिली, माझा हात बदलला तर तुलना काय राहिली. आणि प्रत्येक वेळी पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला तपासणीचा खळखळाट, लावून आवाज सारखा केला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जो थोडासा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, दुकानदार याच्यावरच धंदा करतात.

पहिला सबवूफर. ई तार वाजली आणि पायाखालची जमीन हलली, खरंच, मामा बाहेर आले. पण नुसताच हुंकार, ए वाजवला का बी वाजवला कळेना, बोटाचा टक नाही, अंगठ्याने तारेवर मारतात तो स्लॅप तर मेलेलाच. गाडीत बाकीचं काम दाराचे स्पीकर करतात, हा बिचारा एकटा काय करणार. त्यात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला किती आवाज, ८६ डीबी, डीजेवाल्याची ९८. बारा डीबीचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला सोळापट पॉवर, माझ्या हेडचा क्लिपचा, म्हणजे ताकद संपल्याचा, लाल दिवा विझायचं नाव घेईना.

डीजेवाला, विटांसकट, मला वाटलं त्याच्यापेक्षा बराच बरा निघाला. छातीत बसतो, पिकचा आवाज स्वच्छ. पण खाली गेलं की बघण्यासारखं होतं. मी तिन्ही कोनवर व्हाइटनरचा एक ठिपका दिला होता. वाजताना त्या ठिपक्याची रेघ होते आणि रेघेची लांबी म्हणजे कोनचा प्रवास. याची रेघ ई तारेला बघता बघता लांब झाली आणि थप थप ऐकू यायला लागलं, म्हणजे कॉइल मॅग्नेटच्या गॅपच्या बाहेर चाललीय, लगेच बंद केला, वस्तू मित्राची. मग ५० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावला तर पुन्हा शांत. आणि गंमत अशी की कापूनसुद्धा ई ही ईच वाटते, कारण कानाला ८२ हर्ट्झचा वरचा सूर मिळाला की खालचा तो स्वतः भरून घेतो. १९६९ पासूनचा अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस ॲम्प, त्याचा १० इंची आठ ड्रायव्हरवाला प्रसिद्ध कॅब, तोसुद्धा ५८ हर्ट्झपासून उतरायला लागतो. आणि जगाने त्यालाच बेसचा आवाज मानलंय.

तिसरा लावला आणि विटा काढल्या. सबवूफरएवढा खाली नाही, डीजेवाल्याएवढा जोरातही नाही, पण चारही तारा सारख्या. डी वाजवताना आवाज एकदम वर आला नाही, ई ला बसला नाही, फ्रेटवर तार घासल्याचाही आवाज येतो, तो दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम ठेवलेला असतो. ठिपका ४५ हर्ट्झच्या आसपास तर जवळजवळ ठिपकाच राहिला, कारण ट्यूनिंगला काम पाइप करतात, पाइपासमोर हात धरा, वारा लागतो. त्याच्या खाली मात्र कोनला आधार नसतो, म्हणून पाच तारी बेसचा ३१ हर्ट्झचा बी असेल तर हाय-पास यालाही पाहिजेच.

तिप्पट पैसे तिप्पट आवाज, असं काही नाही. पंधरा फुटांवर उभं राहून ड्रमसोबत ऐकलं तर डीजेवाला आणि हा, फरक कमीच, लोकांना तर शून्य. पैसे नसतील तर कागदासोबत येणारा डीजेचा ड्रायव्हर, लहान खोकं आणि हाय-पास, बिनधास्त करा. मी महागडा ठेवला त्याचं अर्धं कारण वजन, निओडिमियममुळे तो जवळपास निम्म्याने हलका आहे आणि रात्री दोन वाजता कार्यक्रम संपल्यावर खोकं पिकअपमध्ये मलाच चढवायचं असतं.

तो ८ ओहमचा आहे त्यामुळे हेडची पूर्ण ताकद लागत नाही. असाच अजून एक करून दोन्ही पॅरलल लावले की ४ ओहम होईल, आणि हवा ढकलायला कोनही दुप्पट. तारा जोडायच्या आधी ९ व्होल्टची बॅटरी लावून दोन्ही कोन एकाच बाजूला जातात का बघायचं, एक उलटा लागला तर बेस जागच्या जागी कटतो. प्लाय आणून ठेवलंय, मिस्तरी सध्या लग्नाच्या पलंगांच्या ऑर्डरीत अडकलेत.